कोऱ्या चेकवरची सही काय बोलते?

तालुक्याच्या कोर्टात एखाद्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास जाऊन बसा. शिपाई एकामागून एक नावं पुकारत असतो आणि त्यातली कितीतरी नावं 'एकशे अडतीस'ची असतात. एकशे अडतीस म्हणजे चेक न वटल्याची केस, हे आता तिथल्या चहावाल्यालाही पाठ झालंय. २०१९ सालच्या अखेरीस देशभरात अशा ३५ लाखांहून जास्त केसेस पडून होत्या, असा आकडा सुप्रीम कोर्टासमोर आला होता. आणि या केसेसमध्ये आरोपी म्हणून उभ्या राहणाऱ्यांत बायकाही असतात बरं का. कुणाच्या नावावर नवऱ्याने दुकान टाकलेलं, कुणी दिराच्या कर्जासाठी आपलं चेकबुक काढून दिलेलं, कुणी पार्लरच्या खुर्च्या घ्यायला खासगी फायनान्सवाल्याकडून पैसे उचललेले. विचारलं तर उत्तर बहुधा एकच मिळतं, "मी फक्त सही केली होती हो. बाकी त्यावर काय लिहिलं ते मला काहीच माहीत नाही."

गंमत अशी, की आपण ज्याला 'फक्त सही' म्हणतो, तिथूनच कायद्याचं सगळं सुरू होतं.

हा कायदा आहे १८८१ सालचा. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट असं त्याचं नाव. चेक, वचनचिठ्ठी म्हणजे आपली प्रॉमिसरी नोट आणि व्यापाऱ्यांची बिलं यांचा हा कायदा. हे कागद पैशासारखे या हातातून त्या हातात फिरावेत, ही त्यामागची कल्पना. आता विचार करा, शंभराची नोट घेताना आपण समोरच्याला "ही तुझ्याकडे आली कुठून?" असं विचारतो का? नाही विचारत. तसं विचारायला लागलो तर बाजार संध्याकाळपर्यंत बंद पडेल. चेकच्या बाबतीतही प्रत्येक वेळी मागचा इतिहास खणत बसावं लागलं तर तो घेणार कोण? म्हणून कायद्याने ठरवून टाकलं की काही गोष्टी खऱ्या आहेत असं आधी धरून चालायचं. याला म्हणतात गृहीतक. गृहीत धरणं ही गोष्ट आपल्याला काही नवीन नाही म्हणा, घरात रोज आपल्यालाच धरलेलं असतं! पण कायद्यातलं हे गृहीत धरणं जरा वेगळं आहे. तिथे 'उलट सिद्ध होईपर्यंत' अशी एक दोरी त्याला बांधलेली असते. ती दोरी कशी ओढायची, तेच माहीत असायला हवं.

या कायद्याचं कलम ११८ सांगतं, की असा कागद कुणी दिला असेल तर तो काहीतरी मोबदल्यापोटीच दिला, असं कोर्टाने धरायचं. त्यावर जी तारीख आहे त्याच तारखेला तो दिला, असं धरायचं. आणि तो ज्याच्या हातात आहे त्याने तो सरळ मार्गाने, सद्भावनेने मिळवलाय, असंही धरायचं. पुढे १९८८ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९८९ पासून चेक न वटणं हा गुन्हा ठरला. तेच कलम १३८. त्याच्या जोडीला आलं कलम १३९. ते म्हणतं, चेक घेणाऱ्याला तो देण्यापोटीच मिळालाय, हे गृहीत धरा. यावर कोर्टांमध्येही मतभेद होते. २००८ साली सुप्रीम कोर्टाच्याच दोन न्यायमूर्तींनी म्हटलं होतं की मुळात कर्ज होतं हे तक्रारदाराने सिद्ध करावं. पण २०१० साली तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते दुरुस्त केलं. कायद्याने वसूल होण्याजोगं देणं होतं, हेसुद्धा या गृहीतकातच आलं, असा निकाल दिला.

एरवी फौजदारी खटल्यात आरोपी निर्दोष आहे असं धरून चालतात. इथे उलटं. सही तुमची आहे हे एकदा मान्य झालं, की बोलायची पाळी तुमची.

हातउसने दिलेत? मग हा कायदा तुमच्या बाजूने आहे

हे ऐकून घाबरून जायचं कारण नाही, कारण याच गृहीतकाचा फायदा आपल्यालाही होतो. समजा, तुमची भिशी लागली. साठ हजार हातात आले. सोसायटीतल्या ओळखीच्या बाईंनी मुलाच्या कॉलेजच्या फीसाठी ते मागितले, तुम्ही दिले. साक्षीदार कोण? कुणीच नाही. आपल्याकडे ओळखीत लिहून घेणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असं मानतात. त्यांनी सहा महिन्यांनी चेक दिला, तुम्ही बँकेत भरला आणि तो 'खात्यात पुरेशी रक्कम नाही' असा शेरा मारून परत आला.

अशा वेळी तो चेकच तुमचा साक्षीदार. आधी साठ हजार दिल्याचं सिद्ध करा मग पुढे बोलू, असं कोर्ट म्हणत नाही. चेक, बँकेचा परतीचा मेमो आणि तुम्ही पाठवलेली नोटीस, या तीन कागदांवर केस उभी राहते. फक्त दिवस मोजायला चुकू नका, कारण इथे कॅलेंडर फार कडक आहे. चेकवरच्या तारखेपासून तीन महिन्यांत तो बँकेत भरायचा. (पूर्वी सहा महिने असत, १ एप्रिल २०१२ पासून तीन झाले.) परत आल्याचं बँकेकडून कळल्यावर तीस दिवसांच्या आत लेखी नोटीस. नोटीस मिळाल्यापासून समोरच्याला पैसे देण्यासाठी पंधरा दिवस. त्या पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. उशीर झाला आणि कारण पटण्याजोगं असेल तर कोर्ट तो माफ करू शकतं, पण त्या भरवशावर राहू नये. तक्रार कुठे करायची? तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात. २०१४ साली एका निकालामुळे चेक देणाऱ्याची बँक जिथे असेल तिथे जावं लागत होतं. २०१५ च्या दुरुस्तीने ते बदललं. बार्शीच्या बाईला पनवेलच्या कोर्टात हेलपाटे घालायला नकोत, हा किती मोठा दिलासा आहे ते हेलपाटे घातलेल्यालाच कळतं.

बऱ्याच जणींना भीती वाटते की रोख पैसे दिले होते, तेही वीस हजारांच्या वर, मग आपलीच चूक निघेल का? इन्कम टॅक्सच्या नियमात एवढी रक्कम रोख उसनी देण्याघेण्यावर बंधन आहे आणि त्याचा दंड वेगळा होऊ शकतो. पण तेवढ्यावरून देणंच बुडालं असं होत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०२५ साली स्पष्ट केलं. तरीही मला विचाराल तर मोठी रक्कम बँकेतूनच द्यावी. आता फोनवरून दोन मिनिटांत पैसे जातात आणि पुरावा आपोआप राहतो.

'अक्षर माझं नाही' हे पुरत नाही

आता दुसरी बाजू. तुम्ही कुणाला तरी सही केलेला कोरा चेक दिलाय. फायनान्सवाले म्हणाले, "मॅडम, नुसती सिक्युरिटी आहे, आम्ही काही भरत नाही." तुम्ही चार चेकवर सह्या करून दिल्या. दोन वर्षांनी त्यातल्या एकावर दोन लाखांचा आकडा पडतो, तारीख पडते आणि नोटीस दारात येते.

मनात पहिलं उत्तर येतं ते हेच, की आकडा माझ्या अक्षरात नाही, तज्ज्ञाला दाखवा. पण २०१९ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की स्वखुशीने सही करून कोरा चेक दिला असेल तरी गृहीतक लागू होतं. बाकीचा मजकूर कुणीही भरला तरी चालतो. २०२२ साली आणखी एका निकालात म्हटलं, की मजकुराचं अक्षर दुसऱ्याचं आहे असा तज्ज्ञाचा अहवाल आणला तरी त्याने गृहीतक मोडत नाही. सही केलेला कोरा चेक देणं म्हणजे समोरच्याला तो भरायची मुभा देणं, असा त्याचा सरळ अर्थ घेतात. 'सिक्युरिटीचा चेक होता' एवढं म्हणूनही सुटका नाही. तो बँकेत भरला त्या दिवशी तेवढं देणं शिल्लक होतं का, हा खरा प्रश्न.

पण हं, सहीच खोटी असेल तर गोष्ट वेगळी. दुसऱ्याने तुमची सही मारली असेल तर यातलं एकही गृहीतक उभं राहत नाही. म्हणून सहीबद्दल शंका असेल तर ते पहिल्या दिवसापासून ठामपणे सांगायचं. आधी गप्प आणि वर्षभराने "सही माझी नव्हतीच", असं झालं तर कोण विश्वास ठेवणार?

चेक हरवल्याचंही तसंच. २०१० सालच्या ज्या निकालाबद्दल वर सांगितलं, त्यातला आरोपी हेच म्हणत होता की सही केलेला कोरा चेक हरवला आणि समोरच्याने त्याचा गैरवापर केला. पण त्याने बँकेला पेमेंट थांबवायची सूचना फार उशिरा दिली होती आणि वकिलाच्या नोटिशीला उत्तरही दिलं नव्हतं. कोर्टाला त्याचं म्हणणं पटलं नाही. चेक खरोखर हरवला असेल तर त्याच दिवशी बँकेत लेखी कळवा आणि त्या अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या. पोलीस ठाण्यातही गहाळ झाल्याची नोंद करा. आणि मुळात सह्या करून चेकबुक कपाटात ठेवायची सवय ज्यांना आहे, त्यांनी ती आजच सोडावी.

चेक तिसऱ्याच्याच हातात गेला तर?

इथे 'सद्भावना' या शब्दाची खरी कसोटी लागते. समजा, शिवणकाम करणाऱ्या एका ताईंनी पिको-फॉलच्या मशिनसाठी दुकानदाराला तीस हजारांचा चेक दिला. वरच्या कोपऱ्यात दोन रेघा मारल्या नाहीत, 'किंवा धारक' हे छापील शब्दही खोडले नाहीत. दुकानदाराने मशीन दिलंच नाही. पण तो चेक मात्र आपल्या घाऊक व्यापाऱ्याला उधारीपोटी देऊन टाकला. ताईंनी बँकेत जाऊन पेमेंट थांबवलं. आता घाऊक व्यापारी म्हणतो, "माझा काय दोष? मी उधारीत हिशेब धरून चेक घेतला, मला तुमच्या मशिनचं काय माहीत?"

कायद्यात अशा माणसाला 'होल्डर इन ड्यू कोर्स' म्हणतात. म्हणजे ज्याने मोबदला देऊन, चेकची मुदत येण्याआधी आणि मागे काही घोळ आहे असा संशय घ्यायला पुरेसं कारण नसताना तो घेतला. असा माणूस कायद्याला लाडका. दुकानदार आणि ताईंच्या भांडणाची झळ त्याला लागू द्यायची नाही, असं धोरण आहे. आणि तो तसाच आहे असं कलम ११८ आधीच धरून चालतं.

ताईंच्या बाजूने यात काहीच नाही का? आहे. त्याच कलमाच्या शेवटी एक 'परंतु' आहे. चेक मालकाकडून गुन्ह्याने, फसवणुकीने किंवा बेकायदा कारणासाठी मिळवला होता असं दिसलं, तर पारडं फिरतं. मग आपण सद्भावनेने घेतला हे त्या तिसऱ्या माणसाला सिद्ध करावं लागतं. दुकानदाराने मशीन वेळेवर दिलं नाही एवढ्याने मात्र फसवणूक ठरत नाही. द्यायचंच नाही असं ठरवून त्याने चेक उकळला, हे दाखवावं लागेल. तशीच मशिनं न देता आणखी चार जणींकडून चेक घेतले असतील तर त्या चौघींनी एकत्र यायला हवं.

आणखी एक बारकावा मला या कायद्यात फार आवडतो. इंग्लंडचा असाच कायदा आपल्यानंतर एका वर्षाने, १८८२ साली झाला. तिथे काम प्रामाणिकपणे केलं असेल तर ते सद्भावनेचंच, मग त्यात निष्काळजीपणा झालेला असो वा नसो. आपल्या कायद्याची भाषा जास्त शहाणी आहे. संशय घ्यायला पुरेसं कारण होतं का, असं ती विचारते. म्हणजे डोळे मिटून चेक घेतला आणि नंतर "मी तर साधा माणूस" म्हटलं की झालं, असं नाही. आपणही कधी कुणाचा फिरता चेक घेतो, तेव्हा हे लक्षात ठेवायला हवं. लाखाचा चेक कुणी सत्तर हजारांत देऊ करत असेल तर विचारायला नको का, की बाबा रे, एवढी घाई कशाची?

ही सगळी भानगड टाळायला दोन रेघा पुरतात. डाव्या कोपऱ्यात तिरप्या रेघा मारून मध्ये 'अकाउंट पेयी' लिहा आणि 'किंवा धारक' खोडा. मग ज्याचं नाव लिहिलंय त्याच्याच खात्यात पैसे जमा होतात, रिझर्व्ह बँकेचे बँकांना तसे आदेशच आहेत. 'नॉट निगोशिएबल' असंही लिहिता येतं. त्याचा अर्थ, चेक पुढे कुणाला दिला तरी त्याला देणाऱ्यापेक्षा जास्त चांगला हक्क मिळत नाही. दुकानदाराचा हक्क लंगडा, तर घाऊकवाल्याचाही लंगडाच.

नवऱ्याचा चेक, बायकोचं नाव

जॉइंट खातं आहे, चेकवर सही नवऱ्याची, आणि चेक वटला नाही. नोटीस मात्र दोघांच्या नावाने. असं घडलं की बायकांची झोप उडते. इथे कायदा अगदी स्पष्ट आहे. २०१३ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की जॉइंट खातेदार असली तरी जिने चेकवर सही केलेली नाही तिच्यावर १३८ ची केस चालत नाही. २०२१ साली मुंबईच्या एका प्रकरणात पुन्हा तेच झालं. नवरा-बायकोच्या कामाचं वकिलाचं बिल होतं, नवऱ्याने त्याचा चेक दिला, तो परत आला. वकिलांनी दोघांवर केस केली. मुंबई हायकोर्टाने ती रद्द करायला नकार दिला होता, सुप्रीम कोर्टाने बायकोपुरती रद्द केली. देणं दोघांचं असलं तरी चेक ज्याने काढला, जबाबदारी त्याची.

दुकान किंवा धंदा तुमच्या एकटीच्या नावावर असेल तर मात्र सावध राहा. कर्जात सवलत मिळते, लायसन्स सोपं पडतं म्हणून घरचे बायकोच्या नावाने प्रोप्रायटरशिप काढतात, गल्ल्यावर नवरा बसतो आणि बाईंना महिन्यातून एकदा चेकबुक पुढे करून सांगतात, "कर गं सह्या." त्या प्रत्येक चेकची आरोपी तीच होणार. भागीदारी फर्म किंवा कंपनी असेल तर त्या वेळी कारभार कोणाच्या हाती होता ते पाहतात. नुसतं नावापुरतं भागीदार असणाऱ्या बाईला, आपला रोजच्या कामाशी संबंध नव्हता असं सांगून सुटता येतं, पण चेकवर सही असेल तर ते म्हणणं अवघड. म्हणून सह्या करायच्याच असतील तर नाव, रक्कम, तारीख भरलेल्या चेकवर करा आणि चेकबुकाच्या मागच्या पानावर नोंद ठेवा. यावर घरात कुणी तोंड वाकडं केलं तर करू द्या.

आणि नवरा गेल्यावर त्याने सही केलेले चेक घेऊन कुणी दारात आलं तर? चेकची फौजदारी केस वारसांवर होत नाही. गुन्हा ज्याचा, त्याच्याबरोबर तो संपला. पैसे खरोखर देणं असतील तर ते दिवाणी मार्गाने मागता येतात, तेही नवऱ्याच्या मागे जी मालमत्ता तुमच्या हाती आली तेवढ्यापुरते. "तुरुंगात टाकीन" ही धमकी पोकळ आहे. दुःखाच्या दिवसांत घाबरून नव्या चेकवर आपली सही मात्र करून देऊ नका, कारण तिथून तुमचं स्वतःचं देणं सुरू होऊ शकतं.

दोरी कशी ओढायची?

गृहीतक मोडायला फौजदारी खटल्यातल्यासारखा संशयातीत पुरावा लागत नाही, हे फार कमी जणींना माहीत असतं. तुमचं म्हणणं जास्त संभवतं, एवढं कोर्टाला वाटलं तरी पुरतं. आणि त्यासाठी तक्रारदाराच्याच उलटतपासणीतून निघालेल्या गोष्टी वापरता येतात.

कर्नाटकातल्या एका प्रकरणाचं उदाहरण देते. निवृत्त बस कंडक्टरने सहा लाख उसने दिल्याचं सांगून चेकची केस केली होती. आरोपीने प्रश्न विचारला, एवढे पैसे तुमच्याकडे आले कुठून? उलटतपासणीत निघालं, की निवृत्तीचे पैसे बऱ्याच वर्षांपूर्वी, १९९७ साली मिळाले होते आणि त्याच दोन-तीन वर्षांत त्यांनी इतरांनाही मोठमोठ्या रकमा दिल्या होत्या. हिशेब जुळेना. २०१९ साली सुप्रीम कोर्टाने आरोपीला सोडलं. याचा अर्थ तक्रारदाराने आधीच आपली ऐपत सिद्ध करत बसावं असा नाही. पण समोरून प्रश्न आला, तर उत्तर द्यावं लागतं.

थोडे पैसे फेडलेले असतील तर तोही मोठा मुद्दा. गुजरातमधल्या एका प्रकरणात वीस लाखांचा चेक होता, त्यातले चार लाखांच्या वर आधीच परत केले होते, तरी समोरच्याने पूर्ण वीस लाखांचा चेक बँकेत भरला. २०२२ साली सुप्रीम कोर्टाने म्हटलं, की मिळालेल्या रकमेची नोंद चेकवर न करता पूर्ण रकमेचा चेक भरला, तर ते त्या दिवशीचं खरं देणं नाही, १३८ लागू होत नाही. म्हणून हप्ता रोख देत असाल तर प्रत्येक वेळी पावती घ्या. बचत गटाच्या वहीत अंगठा उठवणारी आजीसुद्धा पैसे भरल्यावर "वहीत लिही गं" म्हणते. आपण मात्र फायनान्सवाल्याला हप्ता देऊन पावती न घेता घरी येतो! बिनपरवाना सावकाराने चेक अडकवले असतील तर महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याखाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते नोटिशीला उत्तर न दिल्याने. "खोटंच आहे सगळं, उत्तर काय द्यायचं?" असं म्हणून पाकीट देव्हाऱ्यामागे खोचून ठेवलेलं असतं. कोर्टात पहिला प्रश्न येतो, खोटं होतं तर तेव्हाच का नाही लिहिलंत? समोरच्याची पैसे द्यायची ऐपत नव्हती, चेक सिक्युरिटीचा होता, अर्धे पैसे फेडलेत, जे काही खरं असेल ते उत्तरातच यायला हवं. पोस्टमन आला तेव्हा दार न उघडण्यानेही काही साधत नाही. बरोबर पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवलेली नोटीस मिळाली, असं कायदा धरून चालतो. ते आणखी एक गृहीतक! खरोखरच नोटीस मिळाली नसेल तर समन्स आल्यापासून पंधरा दिवसांत पैसे भरून मोकळं होता येतं, अशी सोय २००७ च्या एका निकालाने ठेवलीय.

देणं खरं असेल तर तडजोडीचा रस्ता कुठल्याही टप्प्यावर खुला असतो आणि लोकअदालतीत अशी कितीतरी प्रकरणं मिटतात. खेचत राहिलं तर महाग पडतं. शिक्षा दोन वर्षांपर्यंतची कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय २०१८ च्या दुरुस्तीनंतर केस चालू असतानाच चेकच्या रकमेच्या वीस टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई द्यायला कोर्ट सांगू शकतं.

वकिलाच्या फीचं काय, हा प्रश्न उरतोच. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. तक्रार करायची असो की आरोपी म्हणून बाजू मांडायची असो, दोन्हीसाठी. तालुका विधी सेवा समितीचं काम कोर्टातूनच चालतं, तिथे अर्ज करायचा. जाताना नोटीस तर न्याच, पण ती ज्या पाकिटातून आली ते पाकीटही बरोबर असू द्या. पंधरा दिवस नोटीस मिळाल्याच्या तारखेपासून मोजतात.